दवाखान्यातला समुद्र आणि माझी रजा

ती. स्व. वहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार, तोही हात तीनदा धुऊन आणि टॉवेलनं कोरडे करून केलेला. (हात का धुवावे लागतात ते खाली येईलच. कागदाच्या कडेला पांढरे डाग दिसले तर मी रडत रडत लिहिलं असं आईला सांगू नका. मीठ आहे खरं, पण बादलीतलं आहे.) आईचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना ती अजून पायऱ्या मोठ्यानं मोजते का, आणि मधेच कुणी काही विचारलं की पुन्हा खालपासून सुरू करते का? ठमीला मागची दाढ आली असं कळलं. एकूण दात किती झाले ते नीट मोजून कळवा, वरचे वेगळे, खालचे वेगळे. दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या पुतणीचे दात माहीत नसणं बरं दिसत नाही, इथं सगळे विचारतात. दादाची तब्येत विचारत नाही. ती ठणठणीत असणार. मी फोन केला की मागं पेपरचं पान उलटल्याचा आवाज येतो, आणि तुमचं-माझं बोलणं संपेपर्यंत तेच एक पान सात-आठ वेळा उलटतं. एवढा जोर आजारी माणसाच्या मनगटात नसतो.

पत्र बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. पण साध्या फोनवर तुम्ही स्पीकर सोडत नाही आणि व्हिडिओवर ठमी फोन सोडत नाही, तेव्हा चार वाक्यं सलग बोलायची तर कागदाशिवाय मला जागा उरलेली नाही. कागद दवाखान्याचा आहे. वर दाढेचं चित्र आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. (शाळेत निबंधाला मी कधी पाच ओळींच्या पुढे गेलो नाही हे तुम्हाला दादानं सांगितलंच असेल. गुरुजींनी तेव्हा दगडांवर किंवा खाऱ्या पाण्यावर निबंध घातला असता तर मी वही भरून टाकली असती.)

तुम्ही दर फोनला विचारता, "भाऊजी, येणार कधी?" आणि मी दर फोनला म्हणतो, "टाकीचं बघून सांगतो." मागच्या वेळी तुम्ही चिडलात. म्हणालात, "टाकी म्हणजे काय लहान लेकरू आहे का? कुणालाही बघायला सांगा आणि या." बरोबर आहे तुमचं. घर सोडून मला दोन वर्षं आठ महिने झाले, ठमी दोन वर्षं दोन महिन्यांची झाली, आणि तिनं मला काका म्हणून फक्त फोनच्या काचेत बघितलंय. अशा वेळी माणूस येत नाही तर का येत नाही, हे घरच्यांना कळायलाच हवं. तेव्हा आज सगळं सविस्तर लिहितो. वाचून तुम्हीच म्हणाल, बरोबर आहे, याला कसं यायला जमणार!

आमच्या दवाखान्याची बाहेरची खोली तुम्ही पाहिलेली नाही. एकमेकींना जोडलेल्या पाच खुर्च्या, त्यातली तिसरी डुगडुगते. एक प्लॅस्टिकचं झाड, त्याची पानं मी दर सोमवारी पुसतो. आणि आतल्या दारामागून येणारा दात कोरायच्या मशीनचा आवाज. तो आवाज ऐकून पेशंट पळून जायचे. म्हणजे खरोखर पळून जायचे, चप्पल विसरून. त्यावर डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं की मासे बघत बसलं की माणसाची भीती उतरते. साध्या पाण्यातले चार मासे आणले असते तर मी आज ठमीला खांद्यावर घेऊन फिरत असतो. पण डॉक्टरांचा स्वभाव असा की करायचं तर अख्खा समुद्र. आईच्या ट्रंकेपेक्षा हातभर लांब काचेची टाकी आली, तिच्या पोटाखाली दुसरी लहान टाकी, पाणी वर चढवायचा पंप, लाटा करायचा पंप, पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणारं एक नळकांडं, निळे दिवे. हे सगळं खोलीत ठेवल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले. मी तेव्हा फरशी पुसत होतो. म्हणाले, "तुला पोहता येतं का रे?" मी म्हटलं, येतं. "मग टाकी तुझी," म्हणाले आणि आत जाऊन कुणाची तरी दाढ काढायला लागले. माझी नेमणूक अशी झाली.

आता सबूरशेठबद्दल सांगतो. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत याचं समुद्री माशांचं दुकान आहे. (नाव मी ठेवलंय, तोंडावर म्हणत नाही.) जगात दुकानदार माल खपवायला बसतात. हा माणूस माल न खपवायला बसतो. पहिल्या दिवशी त्यानं मला दगड दिले, भोकाभोकांचे, ओले, कुबट वासाचे. मीठ दिलं, घरच्या मिठासारखं नाही, समुद्रात जे जे असतं ते सगळं मिसळलेलं. नळाचं पाणी चालणार नाही म्हणाला, दवाखान्यात अवजारं उकळायला जे गाळलेलं शुद्ध पाणी लागतं तेच हवं. बादलीत मीठ टाकायचं, पंप सोडून दिवसभर घुसळायचं, मग एक दुर्बिणीसारखी नळी असते, तिच्या काचेवर थेंब टाकून डोळ्याला लावायची, आत रेघ पस्तीसच्या आकड्यावर आली की समुद्र तयार. मी बादल्या वाहून वाहून टाकी भरली. खांदे उतरले. धावत दुकानात गेलो आणि म्हटलं, "शेठ, झालं. द्या मासे."

"आता थांब," म्हणाला.

"किती? तासभर?"

"महिना-दीड महिना. सबुरी ठेव."

वहिनी, दीड महिना मी पाण्यात ठेवलेले दगड सांभाळले. कारण असं की त्या दगडांच्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहायला येतात, माशांची घाण ते खातात, आणि त्यांचा संसार बसल्याशिवाय मासे सोडले तर मासे आपल्याच मुतानं मरतात. ते आले की नाही हे बघायला रोज एका काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. हिरवा म्हणजे अजून विष आहे. पिवळा म्हणजे गेलं. मी रोज हिरवा बघितला. पेशंट यायचे, गाल धरून टाकीसमोर बसायचे आणि मासा शोधायचे. एक म्हातारे गृहस्थ पाऊण तास शोधत होते, आपली दाढ दुखतेय हे विसरून गेले, आणि शेवटी मला म्हणाले, "लाजाळू दिसतोय." काउंटरवर ज्या ताई बसतात (त्यांना मी काउंटरताई म्हणतो, त्यांनी पहिल्या दिवसापासून टाकीवर बोटं मोडली होती, कारण पंपाच्या आवाजात फोन ऐकू येईना) त्या विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "मासे बाहेरगावी गेलेत." डॉक्टर दर पेशंटनंतर तोंडावरचा मास्क न काढता बाहेर डोकवायचे आणि मला नुसत्या भुवयांनी विचारायचे. मी नुसत्या मानेनं नाही म्हणायचो.

चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं झालं. मी ती नळी उजेडात धरून काउंटरताईंना दाखवली, खुर्च्यांवरच्या तिघा पेशंटांना दाखवली, आणि त्यातल्या एका बाईंनी लघवीची तपासणी समजून तोंड फिरवलं. पण वहिनी, त्या दिवशी मी दवाखान्याच्या दारातल्या वरच्या पायरीवर बसलो आणि मला पहिल्यांदा दादाची फार आठवण झाली. तुम्ही त्या वेळी नुकत्याच घरात आला होतात, तुम्हाला अर्धंच माहीत असेल. लेथच्या वर्कशॉपमध्ये दादानं स्वतः शब्द टाकून मला चिकटवलं होतं, आणि मी आठव्या दिवशी जेवायच्या सुट्टीत निघालो तो परत गेलोच नाही. त्याआधी टेम्पोवर दीड महिना, शिंप्याकडे बटणं लावायला वीस दिवस, फोटोवाल्याकडे छत्री धरायला एक आठवडा. दादा त्या दिवशी ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. बुटाची नाडी बांधत होता, खाली मान घालूनच म्हणाला, "जा तुला जायचं तिथं. एका जागी वर्षभर टिकलास की मग ये." मी म्हटलं, येतच नाही जा. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पिशवी भरताना तुम्हीच माझे दोन शर्ट घडी करून दिले होते. मी! ज्याला वर्कशॉपचा नववा दिवस उगवलेला माहीत नाही, त्यानं चाळीस दिवस रोज न चुकता पाण्यात थेंब टाकले आणि त्या बदल्यात त्याला पिवळा रंग दिसला. दादाला हे सांगितलं तर तो पेपर खाली ठेवेल का, असा विचार करत मी तिथं इतका वेळ बसलो की डॉक्टरांनी दोनदा हाक मारली.

असो. विषय टाकीचा चालला आहे.

पिवळं झालं म्हणून मासे मिळाले असं समजू नका. आधी दगडांवर तपकिरी साय धरली, मग काचेवर, मग वाळूवर. डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखा झाला. "अरे, हे तर कीटण!" म्हणाले. आत गेले आणि नव्याकोऱ्या ब्रशांचा डबाच घेऊन आले. भिंतीवर दात कसे घासावेत याचा तक्ता आहे, त्याप्रमाणे मी गोल गोल फिरवून, आतून बाहेरून, कोपऱ्यातले विसरायचे नाहीत असं करत एकूण एक दगड घासला. दुसऱ्या दिवशी साय होती तशी. पुन्हा घासला. पुन्हा साय. पाच दिवसांनी सबूरशेठ रस्त्यावरून जाताना आत डोकावला, माझ्या हातातला ब्रश बघितला आणि भिंतीला टेकून हसला. "अरे, आपली आपण जाते ती. तू घासून तिला मुक्कामाला ठेवून घेतोयस." मी घासायचं सोडलं, आणि पंधरा दिवसांत साय खरंच निघून गेली. डॉक्टर मात्र अजून मानत नाहीत. त्यांच्या मते शेवटच्या घासण्याचा गुण उशिरा आला.

मग मासे आले. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, एक मोठी, एक छोटा. यांच्यात जो अंगानं मोठा होतो ती बाई. छोट्यानं तिच्या मागं मागं राहायचं, आणि तिनं वळून बघितलं की त्याच्या अंगाला कंप सुटतो, अगदी डोक्यापासून शेपटीपर्यंत. (मला कुणाची तरी आठवण येते, पण नाव लिहीत नाही. तुम्ही चष्मा वर करून बघता तेव्हा पेपर कसा थरथरतो हे मी फोनवरूनही ओळखतो.) त्यांच्यानंतर एक कोळंबी आली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, हातभर पांढऱ्या मिशांची. तिचं नाव काउंटरताईंनी हवालदार ठेवलं. इथंच त्यांचं मन फिरलं. ज्या बाई टाकीकडे पाठ करून बसायच्या त्यांनी खुर्ची वळवून घेतली.

आणि एका सकाळी मी आलो तर हवालदार वाळूत उताणा. पाय वर, मिशा पसरलेल्या, अंग पांढरंफटक. मी जाळीनं उचलून कापसावर ठेवला. काउंटरताईंनी तोंडाला रुमाल लावला, म्हणाल्या, "कालच माझ्याकडे टक लावून बघत होता हो!" डॉक्टर आतल्या खुर्चीतल्या बाईंचं तोंड उघडंच ठेवून बाहेर आले आणि मागं हात बांधून उभे राहिले. खायला शेवटचं कोणी घातलं विचारलं. मी म्हटलं, मी. अवजारांच्या लहान डबीत कापूस घालून आम्ही त्याला ठेवला, संध्याकाळी बाहेरच्या कुंडीत पुरायचं ठरलं. तेवढ्यात आतल्या बाई आपणच बाहेर आल्या, अर्धं तोंड सुन्न, गळ्यात कागदी रुमाल, आणि टाकीकडे बोट करून "थो... थो..." करायला लागल्या. बघतो तर दगडामागून हवालदार चालत येतोय. कालच्यापेक्षा बोटभर मोठा. नव्या मिशा. वहिनी, कोळंबी वाढली की अंगावरचा कोट काढून टाकते, आणि आम्ही तिघं शिकलेसवरलेले (दोघं म्हणा, मला सोडून) त्या कोटासाठी सुतकात बसलो होतो. डॉक्टर लाल झाले. जाताना मला म्हणाले, "यापुढे मेलेला नीट मेलाय का ते बघत जा."

आता ज्यानं माझी झोप उडवली ते सांगतो. सोनाराकडे पोवळं म्हणून लाल खडा मिळतो ना, त्याचे जिवंत भाऊबंद असतात, त्यांना प्रवाळ म्हणायचं. आमच्याकडे त्यातला एक आला. दगडावर बसवलेली पोपटी बोटं, शंभरेक तरी असतील. सकाळी दिवा लागला की ती हळूहळू फुगून लांब होतात आणि लाटेबरोबर झुलत राहतात. झाड नाही, वहिनी, जनावर आहे, पण एका जागी बसलेलं. तो आल्यापासून पळून जाणारा एकही पेशंट मी पाहिला नाही. काही तर दाढ काढून झाल्यावरही बसून राहतात. ऊन वाढलं तसं पाणी तापायला लागलं. सबूरशेठ म्हणाला, वरचं झाकण काढ, पंखा लाव, आणि पाणी कमी होईल तेवढं रोज भरत जा. आता मला सांगा, समुद्राचं पाणी कमी झालं तर माणूस काय भरेल? मी रोज सकाळी बादलीत मीठ घुसळायचो, नळी डोळ्याला लावून पस्तीस मोजायचो, रेघ इकडची तिकडे नाही, आणि मग ओतायचो. मनापासून करायचो. आणि पोपटी बोटं दिवसेंदिवस आखडत गेली. पंधराव्या दिवशी नुसता दगड राहिला. काचेवरची साय खायला सोडलेले जिवंत शंख होते, तेही काचेवरून खाली पडले. डॉक्टर म्हणाले, तू हात धुतोस ना नीट? म्हणून मी हात धुवायला लागलो, आधी एकदा, मग दोनदा, मग तीनदा. ती सवय लागली ती लागलीच.

सबूरशेठनं येऊन टाकीतला थेंब नळीवर टाकला आणि नळी माझ्या डोळ्याला लावली. एक्केचाळीस. मी म्हटलं, "अहो, मी रोज मोजतोय!" "काय मोजतोस?" "बादली." मग दुकानात जे कधी करत नाही ते त्यानं केलं, खाली बसला आणि समजावून सांगितलं. अरे वेड्या, पंख्यानं उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ उडत नाही, ते मागं राहतं. तू त्यात रोज आणखी मीठ घालत गेलास. गोडं पाणी भरायचं होतं.

मला माहीत नव्हतं. गेलेल्याबरोबर सगळंच जातं असं मी धरून चाललो होतो.

मी लगेच गोड्या पाण्याची बादली उचलली तर त्यानं मनगट धरलं. एकदम गोडं केलंस तर आत्ता मरतील, म्हणाला. रोज एक रेघ खाली आणायची, त्यापेक्षा जास्त नाही. त्या सहा-सात दिवसांत मला काय वाटत होतं ते लिहिता येत नाही. इतकी कामं मी सोडली, पण माझ्या हातून काही मरतंय आणि मी सोडून जाऊ शकत नाही असं कधी झालं नव्हतं. मधल्या रविवारी दवाखाना बंद होता. दुपारी मी किल्ली घेऊन एकटाच गेलो, डुगडुगत्या खुर्चीवर बसलो. पंपाची घरघर आणि निळा उजेड. आपल्या घरी त्या वेळी दुपारची भांडी आवरून झाली असतील, तुम्ही खिडकीपाशी आडव्या झाल्या असाल, दादा टेबलावर डोकं टेकून पेंगत असेल, आणि ठमी एकटीच जागी, कुणाच्या तरी चपला घालून घरभर फिरत असेल, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. चपला कुणाच्या हे मला दिसेना. घरात आता कोणाच्या कुठल्या चपला आहेत हेच मला माहीत नाही. असा किती वेळ गेला कोण जाणे, आणि बघतो तर दगडातून एक बोट बाहेर आलं होतं. एकच. पोपटी. बाकीच्यांच्या वतीनं बाहेर हवा कशी आहे ते बघायला आल्यासारखं. मी ते बघायला कुणालातरी हाक मारायला उठलो, आणि खोलीत कुणीच नव्हतं.

आता सगळी बोटं बाहेर आहेत, पहिल्यापेक्षा चार जास्तच. पण तुम्हीच बघा, रोज पाणी भरायचं, आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, काच खरवडायची, फेसाचा डबा धुवायचा, थेंब टाकून रंग बघायचे, छोट्याला खायला मिळतंय की मोठीच सगळं गिळतेय ते बघायचं. हे दुसऱ्या कुणाच्या भरवशावर टाकून मी पंधरा दिवस कसा निघू? इथून पाय निघत नाही तो यासाठी. मागच्या व्हिडिओच्या वेळी आईनं ठमीला विचारलं, "काका कुठाय गं?" आणि ठमीनं माझ्या तोंडावरून बोट सरकवून मागच्या नारिंगी माशावर ठेवलं. सगळे हसलात. मीही हसलो. चूक तिची नाही, मीच दर वेळी लाजून कॅमेरा टाकीकडे फिरवतो.

तर असं आहे. रजेचा विषय यापुढे काढू नका, माझाही नाइलाज आहे. आईला पायऱ्या जपून चढायला सांगा. ठमीला गोड पापा, पण रात्री गोड खाऊन दात न घासता झोपू देऊ नका. पत्र लांबलं, राग मानू नये.

तुमचा दूर अडकलेला
धाकटा दीर

ता. क. : पत्र काउंटरताईंना वाचायला दिलं, म्हटलं चुका दुरुस्त करा. त्यांनी चुका सोडून दिल्या आणि म्हणाल्या, "इतकं धडधडीत खोटं? आणि तेही घरच्या माणसांना?" तेव्हा लिहितो. मागच्या महिन्यात मला ताप आला होता, मी आठ दिवस आलो नव्हतो. (आईला सांगू नका.) त्या आठ दिवसांत टाकी काउंटरताईंनी बघितली. पाणी भरलं, काच खरवडली, थेंब टाकून रंग वहीत लिहून ठेवले, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात. मी परत आलो तेव्हा पोपटी बोटं कधी नव्हती एवढी फुगली होती. मला वाईट वाटलं, खरं सांगतो.

ता. क. दुसरा : डॉक्टरांनी रजाही दिली आहे. तीन आठवड्यांची. मी मागितली नव्हती, आपण होऊन दिली. कागद खिशात आहे, घडीवर फाटायला आला आहे. दर फोनला सांगायचं ठरवतो, आणि मागं पान उलटल्याचा आवाज आला की टाकीचंच सांगतो.

ता. क. तिसरा, हा फक्त तुमच्यासाठी, आईलाही वाचून दाखवू नका : या दवाखान्यात मला एक वर्ष दोन महिने झाले. मधे एकही दिवस पळालो नाही, तापाचे आठ सोडून. दादा जे टिकणं म्हणाला होता त्यात हे धरतात का, तेवढं त्याला विचारा. मी विचारलंय असं म्हणू नका, तुम्हालाच सहज सुचलं असं करा, भाजी निवडताना वगैरे. धरत असेल तर त्यानं एकदा फोन घ्यावा आणि नुसतं "ये" म्हणावं, पुढं काही बोलला नाही तरी चालेल, मी त्याच दिवशी निघतो. आणि नाही म्हणाला तर मला तसं कळवू नका. पत्र पोचलंच नाही असं धरा, आणि पुढच्या फोनला येणार कधी असं विचारू नका. टाकी कशी आहे, एवढंच विचारा. मी सांगेन, छान आहे.